पोस्टाने येणारे सिनेमे: तुमच्याकडे डिस्क किती दिवस पडून राहायची?

रामबागची_सून

दिवाळीची साफसफाई काढली आहे. काल माळ्यावरच्या बॅगेत जुन्या दिवाळी अंकांच्या मधोमध एक पांढरं पाकीट सापडलं. आत डीव्हीडी. पाकिटावर सिनेमाचं नाव आणि चार ओळींत गोष्ट. ही डिस्क २००८ मध्ये न्यू जर्सीच्या टपालपेटीत पडायला हवी होती. ती इंदुरात माझ्या माळ्यावर निघाली.

नव्या पोरांसाठी थोडं सांगते. तेव्हाचं नेटफ्लिक्स लाल पाकिटातून यायचं. वेबसाइटवर आपण हव्या त्या सिनेमांची यादी लावून ठेवायची, तिला सगळे ‘क्यू’ म्हणत. यादीतले पहिले तीन टपालाने घरी येत. एक बघून परत पाठवला की यादीतला पुढचा निघायचा. ठेवा कितीही दिवस, दंड नाही. परतीचं टपाल आधीच भरलेलं. आम्ही २००५ मध्ये सुरू केलं तेव्हा तीन डिस्कच्या योजनेला महिन्याला १७.९९ डॉलर पडायचे.

आता खरी गोष्ट. दंड नाही, हाच माझा घात. सोमवारी टाकलेल्या डिस्कच्या बदल्यात बुधवार-गुरुवारी दुसरी हजर व्हायची. महिन्याला दहा-बारा आरामात होऊ शकत होत्या, म्हणजे दीड डॉलरला एक. पण माझी यादी मी कोणत्या मूडमध्ये लावायचे? रविवारी दुपारी, वरण-भात जेवून, ‘आता जरा चांगलंचुंगलं बघायला हवं’ या मूडमध्ये. मग काळीपांढरी, खाली अक्षरं वाचायला लागणारी, अडीच तासांची डिस्क शुक्रवारी संध्याकाळी दारात यायची. शुक्रवारी संध्याकाळी कोणाला वाचायचंय? ती टीव्हीवर चढायची आणि तिथेच राहायची. एक तर सात आठवडे होती. तिच्यावर मी कंगवा ठेवायचे. शेवटी न बघताच परत केली आणि साइटवर तिला चार तारे दिले. उगाच, लाज वाटली म्हणून.

२००७ मध्ये सासूबाई सहा महिने आल्या होत्या. त्यांनी हे खातं ताब्यात घेतलं. तिथे घरासमोरच्या टपालपेटीला एक लाल पत्र्याचा झेंडा असतो. तो वर केला की पोस्टमन जाणारं टपालही घेऊन जातो. सासूबाई सकाळी साडेनऊला स्वेटरवर शाल घेऊन बाहेर जायच्या, पाकीट ठेवायच्या, झेंडा वर करायच्या आणि पोस्टमन येईपर्यंत खिडकीतून हलायच्या नाहीत. म्हणायच्या, ‘दुसऱ्याची भाड्याची वस्तू अशी रस्त्यावर उघडी ठेवतात, आणि कोणी चोरत नाही?’

तर सांगा, तुमच्याकडे काय पद्धत होती? टपालाने असो, लायब्ररीचा पोऱ्या सायकलवर आणून देत असो, सगळं चालेल.

बिनपाण्याचा

सात आठवडे कंगव्याखाली! ताई, त्या दिग्दर्शकाला कळलं तर.

आपल्याकडे इंदुरात टपाल-बिपाल नव्हतं, भिया होता, म्हणजे डिस्क घरी आणून देणारा पोरगा. लोकमान्य नगरजवळच्या एका सीडी लायब्ररीत माझे बाबा मेंबर होते. पाचशे डिपॉझिट, दीडशे रुपये महिना, एका वेळी दोन पिक्चर. पोरगा लूनावर यायचा, हँडलला कापडी पिशवी. वही पुढे करायचा, सही करायची. यादी वगैरे काही नाही. त्याच्या पिशवीत जे असेल त्यातून निवडायचं, आणि पिशवीत काय असेल ते त्याच्या आधीच्या चार घरांवर ठरायचं. आम्ही त्याच्या रस्त्यात शेवटचे. मारधाड टिळक नगरातच संपायची. आमच्यापर्यंत धार्मिक आणि भुताचे.

पण एक विद्या शिकलो, ती इथे जाहीर करून टाकतो. व्हीसीडीत, म्हणजे डीव्हीडीच्या आधीच्या सिनेमाच्या सीडीत, एका चकतीवर ७४ ते ८० मिनिटं मावतात, म्हणून हिंदी पिक्चर दोन चकत्यांवर यायचा, लांबलचक असेल तर तीन. डबी उघडायची आणि दोन्ही चकत्या ट्यूबलाइटखाली तिरक्या धरून बघायच्या. दोन्ही सारख्याच घासलेल्या असतील तर पिक्चर चांगला, लोकांनी शेवटपर्यंत बघितलाय. पहिली ओरखड्यांनी भरलेली आणि दुसरी आरशासारखी कोरी असेल तर डबी तशीच परत. अर्ध्या इंदूरने मध्यंतराला सोडून दिलेला पिक्चर आहे तो. हा हिशेब एकदाही चुकला नाही. आजकालच्या ताऱ्यांवर माझा तेवढा विश्वास नाही, आणि सात आठवडे कंगवा ठेवून चार तारे देणारे भेटल्यावर तर अजिबात नाही.

रामबागची_सून

कोरी दुसरी चकती! हे नेटफ्लिक्सला सुचायला हवं होतं. त्यांनी शिफारशीचं गणित दहा टक्क्यांनी सुधारून देणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं, २००९ मध्ये दिलंही. तुम्ही अर्ज करायचा होता.

अर्धवट_इंजिनियर

थोडं तांत्रिक, राहवत नाही म्हणून.

हे सगळं जमलं ते डिस्कच्या वजनामुळे. व्हिडिओ कॅसेट जड, जाड, टपालखर्च परवडत नाही. डीव्हीडी १२ सेंटिमीटरची, १५-१६ ग्रॅमची. नेटफ्लिक्सचे संस्थापक मार्क रँडॉल्फ आणि रीड हेस्टिंग्ज यांच्या डोक्यात ही कल्पना आली तेव्हा प्रयोगासाठी त्यांच्या हाताशी डीव्हीडी नव्हती. म्हणून त्यांनी एक गाण्यांची सीडी विकत घेतली, शुभेच्छापत्राच्या पाकिटात घातली आणि हेस्टिंग्जच्या घरी पोस्ट केली. दुसऱ्या दिवशी ती न फुटता पोचली. ही आठवण रँडॉल्फने स्वतः सांगितलेली आहे. (कॅसेट उशिरा परत केली म्हणून चाळीस डॉलर दंड भरावा लागला म्हणून कंपनी काढली, ही जी गोष्ट सगळीकडे फिरते, ती सोयीसाठी रचलेली आहे असंही त्यानेच सांगितलंय.) एप्रिल १९९८ ला साइट सुरू झाली. तेव्हा एकेक सिनेमाचं भाडं घेत, महिन्याची वर्गणी १९९९ मध्ये आली.

टपालवाल्यांची बाजूही ऐका. परतीच्या पाकिटाची एक कड लोंबायची आणि वर्गवारीच्या यंत्रात अडकायची. २००७ मध्ये तिथल्या टपाल खात्याच्या महानिरीक्षकांनी अहवाल दिला, त्यात साधारण ७० टक्के पाकिटं हाताने वेगळी करावी लागतात असं होतं. म्हणजे सासूबाई खिडकीतून ज्या पाकिटावर नजर ठेवायच्या, ते पुढे कोणीतरी माणूसच हातात घेऊन बाजूला काढत होता.

भारतात हे का झालं नाही? झालं, पण टपालाने नाही. बेंगळुरूची सेव्हंटीएमएम २००५ च्या आसपास सुरू झाली, रिलायन्सचं बिगफ्लिक्स २००८ मध्ये आलं. यादी वेबसाइटवर, पण डिस्क आणणारा कंपनीचा स्वतःचा पोरगा. माझ्या मते कारण साधं आहे. आपल्याकडे टपाल घरी येतं, घरून जात नाही. पाकीट परत टाकायला जीपीओपर्यंत कोण जाणार? आणि गेलं तरी वाटेत पोत्यात त्यावर शिक्के बसणार, तेही दणादणा. त्यात २००७ मध्ये मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली. चहा-कचोरीच्या भावात विकत मिळत असेल तर भाड्याने कोण घेईल?

मांडवीकर

जरा विषयांतर, पण बडोद्याचा माणूस गप्प बसेल तर शपथ.

टपालाने सिनेमा पाठवण्याच्या ऐंशी-नव्वद वर्षं आधी आमच्या सयाजीराव महाराजांनी वाचनालय गावोगावी पाठवलं होतं. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणवले. मांडवीतली सेंट्रल लायब्ररी त्याच काळातली. तिच्या जोडीला फिरती वाचनालयं काढली. लाकडी पेटीत पुस्तकं भरायची, खेड्यात पाठवायची, वाचून झाली की पेटी परत आणि दुसरी रवाना. वाहतुकीचा खर्च संस्थानाचा. वर्गणीसुद्धा नाही! ग्रंथालय खात्याकडे सिनेमा आणि मॅजिक लँटर्न (काचेवरची चित्रं पडद्यावर पाडणारा दिवा) दाखवणारी शाखाही होती, ती गावात जाऊन फुकट खेळ करायची.

म्हणजे कल्पना अमेरिकेतून बडोद्यात आली, पेटीतून खेड्यात गेली. पुढचं तुम्ही सांगताच आहात.

बिनपाण्याचा

मांडवीकर, कोणत्याही धाग्यावर सयाजीराव किती प्रतिसादांत येतात याची मी नोंद ठेवतो. आज पाचवा. सरासरी चार आहे.

मांडवीकर

होळकरांनी पाठवल्या असतील पेट्या तर दाखवा, लगेच गप्प बसतो.

लष्करवाला

ग्वाल्हेरकडून हजेरी.

आम्ही डॅलसला चार पोरं एका अपार्टमेंटमध्ये, २००६-०७. खातं एक, वर्गणी चौघांत. आमची पद्धत सांगायला थोडी लाज वाटते, पण आता बायकोपोरं आहेत, कोणी काय करणार? डिस्क संध्याकाळी यायची. रात्री एक जण लॅपटॉपवर तिची कॉपी काढायचा. सकाळी ऑफिसला जाता जाता मूळ डिस्क टपालात. बघायचा प्रश्नच नव्हता. जितक्या लवकर परत जाईल तितकी पुढची लवकर येईल, एवढंच गणित. आमच्यातल्या एकाने तर एक्सेल केली होती, टपालात टाकल्याची वेळ, पोचल्याची वेळ, दर डिस्कमागे किती सेंट पडले. एका महिन्यात बावीस काढल्या तेव्हा चौघांनी पिझ्झा मागवला.

दोनशेच्या वर झाल्या. काळ्या दांड्यावर रचलेल्या, वर पारदर्शक टोपण. प्रत्येकीवर मार्करने नाव. मी परत आलो तेव्हा वाटणीत साठ आल्या, त्या सामानातून इथे दौलतगंजच्या घरी आणल्या. त्यातल्या किती बघितल्या? चार. त्यातली एक चुकून, दुसरी समजून.

पुढचं आईने केलं. गच्चीवर कबुतरांनी वैताग दिला होता. वाळवण घातलं की सत्यानाश. आईने त्या डिस्क भोकातून सुतळी ओवून तारेवर टांगल्या. वारा आला की चमकतात, कबुतरं येत नाहीत. दोन उन्हाळ्यांत वरचा चकचकीत थर पापुद्र्यासारखा सुटायला लागतो, मग आई खाली येऊन म्हणते, ‘अरे, तुझे दोन सिनेमे उडाले, नवीन दे.’ साठातले आता अकरा शिल्लक आहेत. ऑस्करवाले आधी संपले, का ते माहीत नाही.

सांख्यिकी_मावशी

धागाकर्तीच्या कंगव्याला शास्त्राधार आहे, म्हणून लिहिते.

२००९ मध्ये मिल्कमन, रॉजर्स आणि बेझरमन या तिघांचा एक शोधनिबंध आला होता. ऑस्ट्रेलियातल्या एका ऑनलाइन डीव्हीडी भाड्याच्या कंपनीच्या नोंदी त्यांनी तपासल्या, कोणी काय मागवलं, कधी परत केलं. सिनेमांचे त्यांनी दोन ढीग केले, ‘बघायला हवेत’ असे आणि ‘बघावेसे वाटतात’ असे. पहिल्या ढिगातल्या डिस्क लोकांकडे जास्त दिवस राहतात, असं निघालं. शिवाय एखाद्याने आधी माहितीपट मागवला आणि नंतर मारधाड, तर मारधाड आधी बघून परत जाते, माहितीपट बसून राहतो. म्हणजे आपण मागवताना एक असतो, बघताना दुसरेच. जे जास्त दिवस सभासद राहतात त्यांच्यात हा फरक कमी होत जातो, असंही त्यांना दिसलं.

माझं स्वतःचं सांगते. पलासियाच्या लायब्ररीतून मी मराठी कादंबऱ्यांचंही असंच करते, त्यामुळे तुम्ही एकट्या नाही.

रामबागची_सून

मावशी, ‘मागवताना एक, बघताना दुसरेच’ हे अगदी खरं. पण सासूबाई आल्यावर आमच्याकडे ते बंद झालं, आणि का ते मला आत्ता तुमचं वाचताना कळलं. त्या दर गुरुवारी विचारायच्या, ‘हे टीव्हीवरचं कधी जाणार? मला झेंडा लावायचाय.’ त्यांना सिनेमाशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांना झेंडा लावायचा होता. त्या झेंड्यासाठी आम्ही बुधवारी रात्री डोळे चोळत इराणी सिनेमे बघितले, आणि त्यातले तीन-चार इतके आवडले की आजही आठवतात.

जेलरोड

सगळे गोड गोड आठवणी सांगताय म्हणून एक कडू.

मी २००९ मध्ये पुण्यात नोकरीला होतो. तिथल्या एका भाड्याच्या कंपनीची (नाव नको) वर्गणी घेतली. एक हजार डिपॉझिट, तीन डिस्क, घरपोच. पहिला महिना राजासारखा. दुसऱ्या महिन्यात आलेली एक डिस्क पाकिटातच तडकलेली, मधल्या भोकापासून कडेपर्यंत सरळ चीर. त्याच मिनिटाला फोन केला. बाई म्हणाल्या, नोंद झाली. परत न्यायला आलेल्या पोराने ती उजेडात धरली आणि म्हणाला, ‘सर, ही तुमच्याकडे फुटली.’ झालं. डिपॉझिटमधून सहाशे कापले. उरलेल्या चारशेसाठी सात फोन, दोन मेल. प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि प्रत्येकाला चिरेची गोष्ट पहिल्यापासून सांगायची. आठव्यांदा फोन लावला तर नंबरच बंद.

चीर पडलेली डिस्क मात्र माझ्याकडेच राहिली, कारण तो पोरगा न्यायला विसरला. तिचा मी चहाच्या कपाखाली ठेवायला उपयोग करतो. सहाशे रुपयांचा कोस्टर. पाहुण्यांना मुद्दाम त्यावरच कप देतो.

रामबागच्या_सुनेचा_नवरा

सभासद व्हावं लागलं, कारण एकतर्फी चाललंय.

एक, कंगवा माझा होता. दोन, सात आठवडे पडलेली डिस्क हिची होती हे खरं, पण त्या काळात माझ्या यादीतलं काहीच येत नव्हतं हे हिने सांगितलेलं नाही. तीनपैकी दोन जागा हिच्या ‘बघायला हव्यात’ अशा डिस्कनी अडवलेल्या. मी क्रिकेटच्या दिवसांत तिसऱ्या जागेवर दिवस काढले.

नंतर नेटफ्लिक्सवर एका खात्यात वेगवेगळ्या याद्या करता येतात हे कळलं, तेव्हा एक जागा मला अधिकृतपणे मिळाली. जून २००८ मध्ये त्यांनी जाहीर केलं की ही सोय काढून टाकतोय. आमच्या घरात त्या रात्री जे बोलणं झालं ते इथे देत नाही. लोकांनी इतकी ओरड केली की महिना संपायच्या आत त्यांनी निर्णय मागे घेतला. एका अमेरिकन कंपनीने माझा संसार सावरला, याची कुठेतरी नोंद व्हावी.

तीन, माळ्यावर सापडलेली डिस्क. तिच्याबद्दल ही गप्प आहे.

रामबागची_सून

बरं, सांगते.

२००८ च्या नोव्हेंबरात आम्ही परतायच्या तयारीत होतो. घरभर खोकी. ती एक डिस्क खात्यावर ‘तुमच्याकडे आहे’ असं दाखवत होती. मी छातीठोकपणे कळवलं की आम्ही टपालात टाकली आहे, वाटेत हरवली असेल. साइटवर तसं बटणच होतं. त्यांनी एक प्रश्न विचारला नाही, पैसे लावले नाहीत. मान्य. मला वाईट त्याचंच वाटतंय. भांडले असते तर बरं झालं असतं.

बिनपाण्याचा

जेलरोड, ऐकताय ना? तुमचे सहाशे इकडे गेले.

लष्करवाला

ताई, चिंता सोडा. २९ सप्टेंबर २०२३ ला त्यांनी शेवटच्या डिस्क पाठवल्या आणि डीव्हीडीचा धंदा बंद केला. ज्यांच्याकडे तेव्हा डिस्क होत्या त्यांना सांगितलं, ठेवा, परत नको. तुमचीही त्यातच धरा.

सांख्यिकी_मावशी

ती सभासदांसाठी सवलत होती. यांचं खातं पंधरा वर्षं आधीच बंद.

रामबागची_सून

मावशी!

ते जाऊ दे. मला आता ती डिस्क बघायची आहे. तेव्हा राहिलीच होती. पण घरात प्लेअर नाही. शेजारच्यांचा प्लेअर आणला, तर त्याने डिस्क आत घेतली, घुर्र केलं आणि बाहेर काढून दिली. खराब झाली असेल का?

अर्धवट_इंजिनियर

खराब नाही, परकी आहे. डीव्हीडीला प्रदेशाचा क्रमांक असतो, अमेरिकेचा १, भारताचा ५. आपल्याकडचा प्लेअर १ क्रमांकाची घेत नाही. जुन्या कॉम्प्युटरचा डीव्हीडी ड्राइव्ह शोधा. त्यात प्रदेश बदलता येतो, पण एकूण पाचच वेळा. पाचव्या वेळी जो ठेवाल तो कायमचा.

बिनपाण्याचा

माझ्याकडे आहे. २००६ चा डेस्कटॉप, सुदामा नगरच्या घरी, चालू स्थितीत. आत्ता बघून आलो. ‘उर्वरित बदल: १’ असं दाखवतोय. आधीचे चार कुठे गेले ते आमच्या धाकट्या भावाला विचारावं लागेल. ट्रे आपोआप उघडत नाही, बारीक भोकात यू-पिन घालून ढकलावा लागतो.

तो शेवटचा बदल तुमच्या डिस्कला देऊन टाकू. माझ्या घरात आता परदेशी सिनेमा येईल असं वाटत नाही. रविवारी दुपारी या. गराडू (आपला इंदुरी कंद) मी तळतो, यू-पिन तुम्ही आणा.

रामबागची_सून

रविवार नक्की. आम्ही तिघं येतोय. सासूबाईंना हा सगळा धागा वाचून दाखवला. आता ब्याऐंशीच्या आहेत. झेंड्याजवळ पोचल्यावर हसल्या. मग पाकीट हातात घेऊन पुढून-मागून बघितलं आणि म्हणाल्या, ‘मी म्हणतच होते, कोणीतरी चोरत असणार.’